पडद्याची खालची तार

घरातल्या खिडकीला पडदा वरून टांगला की आपलं काम झालं. बाकीचं गुरुत्वाकर्षण बघून घेतं. गाडीत मात्र हे चालत नाही.

गोष्ट जर्मनीतली. १९५० साली फोक्सवॅगनने ‘टाइप २’ ही डब्यासारखी व्हॅन काढली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसणारा ‘कॅम्पिंग बॉक्स’ आणला. आठवडाभर माल वाहा, शनिवारी बॉक्स आत ठेवा, झालं घर तयार! युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या देशात कामाला एक आणि हौसेला एक अशा दोन गाड्या किती जणांना परवडणार?

पण चहूबाजूंनी काचा असलेल्या डब्यात झोपायचं, तर आडोसा हवाच. खरी गोची इथेच. व्हॅनच्या बाजू वर जाताना आत झुकतात. नुसता वरून टांगलेला पडदा काच सोडून आत लोंबणार आणि प्रत्येक वळणावर झुलणार. उपाय साधा: एक तार वर, एक खाली आणि कापड दोन्हींत ओवलेलं. दिवसा बाजूला सारून बंदाने बांधायचं.

इंजिनाचं कौतुक सगळेच करतात. पण मालाच्या गाडीत माणसाला निवांत झोप लागली, त्यात त्या खालच्या तारेचाही वाटा आहे, काय?