तुकड्यांचा व्यापार

अमेरिकेत घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी प्रवाळाचे बोटभर तुकडे रातोरात कुरियरने येतात. थर्माकोलचे खोके, पाण्याची पिशवी आणि हिवाळ्यात सोबत ऊब देणारी पुडी. हा धंदा हौशींच्या निसर्गप्रेमातून उभा राहिला, असे म्हणतात. माझ्या मते मोठा वाटा जीवशास्त्राचा आणि कायद्याचा आहे. तुटलेली फांदी खडकाला चिकटली की नवी वसाहत वाढते, ही अनेक प्रवाळांची मूळचीच रीत. त्यात १९९० पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले आणि निर्यातीला परवाना लागू लागला. २०१८ मध्ये इंडोनेशियाने निर्यातच काही काळ थांबवली, तेव्हा टाकीत वाढवलेल्या तुकड्यांचे महत्त्व आणखी पटले.

यावर आक्षेप असा, की मूळ वसाहत समुद्रातूनच आली ना? खरे आहे, आणि सावकाश वाढणाऱ्या जातींच्या बाबतीत तो आजही बोचतो. पण झपाट्याने वाढणाऱ्या फांदीदार जातींची एकच वसाहत वर्षानुवर्षे तुकडे देते, म्हणून समुद्रावरचा भार विभागला जातो. हा दाखला भारतात मात्र चालणार नाही. इथे २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत.