दर्शनी मूल्य : पाच हजारांपासून एका रुपयापर्यंत

१८६४-६५च्या मुंबईत बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरसाठी झुंबड उडाली होती. त्या एका शेअरचे दर्शनी मूल्य होते ५,००० रुपये. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस गडगडला आणि पाठोपाठ शेअरही. पुढे १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना स्थापली. तिची प्रवेश फी मात्र एक रुपया! दलाल होणे स्वस्त आणि भागधारक होणे महाग, असा तो जमाना.

शंभर आणि दहा रुपयांचे शेअर रूढ झाले, तसा मध्यमवर्ग या बाजारात आला. जून १९९९ मध्ये ‘सेबी’ने दहा किंवा शंभराचेच बंधन काढले. मूल्य कंपनीने ठरवावे, फक्त ते एक रुपयाखाली नसावे आणि त्यात पैसे नसावेत, एवढीच अट. शेअर विभाजनाचे युग खऱ्या अर्थाने इथे सुरू झाले.

विभाजन म्हणजे नोट मोडणे. आयआरसीटीसीने ऑक्टोबर २०२१ मध्ये दहाचा शेअर दोन रुपयांचा केला. ज्याच्याकडे शंभर होते, त्याचे पाचशे झाले. भाव त्याच प्रमाणात उतरला. भागभांडवल तेवढेच, मालकीचा वाटाही तेवढाच. बोनसमध्ये दर्शनी मूल्य बदलत नाही. गंगाजळीतील रक्कम भांडवलात वळते. इन्फोसिसच्या १९९३च्या विक्रीतील शंभर शेअरचे आज १,०२,४०० झाले आहेत. त्यात विभाजन एकदाच, २००० साली. बाकी आठ वेळा बोनस. संख्या अशी वाढली, पण संपत्ती वाढवली ती धंद्याने. उलट एमआरएफने दहाचा शेअर मोडला नाही. जून २०२३ मध्ये त्याने एक लाखाचा भाव ओलांडला.

एक चकवा मात्र लक्षात ठेवावा. लाभांशाची टक्केवारी दर्शनी मूल्यावर असते. ५०० टक्के म्हणजे दहाच्या शेअरवर पन्नास रुपये, एकाच्या शेअरवर पाचच.

माझ्या वडिलांच्या ट्रंकेत एका कंपनीची दहा रुपयांच्या शेअरची प्रमाणपत्रे सापडली. कंपनीने मध्यंतरी विभाजन केले होते. नवी प्रमाणपत्रे आमच्या जुन्या चाळीच्या पत्त्यावर गेली आणि परत आली. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही, म्हणून शेअर नियमाप्रमाणे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग झाले. दावा करता येतो, तो आम्ही केला आहे. पण वारसाचे कागद जमवता जमवता वर्ष सरले.

विभाजनाने वडिलांचे काही कमी झाले नव्हते आणि वाढलेही नव्हते. पत्ता बदलल्याचे कळवायचे राहून गेले, एवढेच. दिवाळीच्या आवराआवरीत जुना कागद हाती लागला, तर रद्दीत टाकण्याआधी त्यावरचे दर्शनी मूल्य वाचा आणि आज ते किती आहे, याची चौकशी करा.