टाइम्स स्क्वेअरच्या पोटातली पाच स्थानकं

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरखाली गाडी बदलताना नवखा माणूस गांगरतोच. जिने चढा, वळा, उतार उतरा, पुन्हा जिने. असा नकाशा कुणी मुद्दाम काढला नव्हता. वेगवेगळ्या मालकांनी आपापल्या सोयीनं पाच स्थानकं खोदली आणि ती पुढे बोळांनी जोडली गेली.

त्यांतलं थोरलं २७ ऑक्टोबर १९०४ चं. इंटरबरो कंपनीची भुयारी रेल्वे सिटी हॉलहून ग्रँड सेंट्रलला यायची, तिथून ४२व्या रस्त्याखाली पश्चिमेला वळायची आणि मग ब्रॉडवेखालून उत्तरेला जायची. चौकाचं बारसं त्याच वर्षीचं, ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या नव्या इमारतीवरून झालेलं. आधी तो लाँगेकर स्क्वेअर होता, घोडागाड्यांच्या धंद्याचा. जलद गाड्या तर या स्थानकात थांबतही नसत!

ऑगस्ट १९१८ मध्ये हा वळणाचा मार्ग मोडला. पूर्वेची लाइन लेक्झिंग्टन अव्हेन्यूखालून थेट उत्तरेला नेली, पश्चिमेची सेव्हन्थ अव्हेन्यूखालून दक्षिणेला. मधे उरला ४२व्या रस्त्याखालचा आडवा तुकडा. त्यावर शटल सुरू केली, तर गर्दी इतकी उसळली की ती लगेच बंद करून सप्टेंबरअखेर पुन्हा चालवावी लागली. मला या साऱ्या जंजाळात हा तुकडाच सर्वांत मोलाचा वाटतो. शहराच्या पहिल्या भुयारी मार्गाचा हा भाग आजही गाडीत बसून अनुभवता येतो.

बाकीची भावंडं भराभर आली. एक सेव्हन्थ अव्हेन्यूच्या त्या लाइनचं. ब्रुकलिनच्या प्रतिस्पर्धी कंपनीचं ब्रॉडवे लाइनचं स्थानक १९१८ च्या जानेवारीतच उघडलं होतं. ४१व्या रस्त्याखालचं फ्लशिंग लाइनचं, सर्वांत खोल, १९२७ चं. महापालिकेचं एट्थ अव्हेन्यूचं १९३२ चं, एक अख्खा ब्लॉक पश्चिमेला.

भिंती मात्र पैशांच्या होत्या. १९४० मध्ये शहरानं दोन्ही खासगी कंपन्या घेतल्या, तरी एकीच्या गाडीतून दुसरीच्या गाडीत फुकट जाता आलं ते १९४८ मध्ये, भाडं ५ सेंटांवरून १० सेंट झालं तेव्हा. एट्थ अव्हेन्यूच्या बोळातून पुन्हा भाडं न भरता जायला १९८८ उजाडलं.

शटलच्या वळणदार फलाटावर गाडी आणि काठ यांत फट राहायची. २०२१ मध्ये नवा रुंद फलाट बांधून ती काढली. १९०४ च्या या भुयारातली गाडी व्हीलचेअरवरच्या प्रवाशांना ११७ वर्षांनी मिळाली, हा उशीर अक्षम्य आहे.