दारी जंगल, लाकूड परदेशी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दारात विहीर असताना कोणी पाणी विकत आणू लागला, तर आपण त्याला वेड्यात काढू. लाकडाच्या बाबतीत जपानने जवळजवळ तेच केले. ब्रिटनच्या दारातली विहीर मात्र कधीच आटली होती.

हे लाकूड म्हणजे पाइन, स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांचे मऊ लाकूड. हलके, सरळ, कापायला सोपे. आपल्याकडची देवदारी खोकी याच जातीची. घरांचे सांगाडे आणि खाणींतले टेकू यांसाठी ते हवेच.

ब्रिटनची जंगले शेती आणि कुरणांपायी फार पूर्वीच संपत आली होती. अठराव्या शतकात त्याला हे लाकूड मुख्यतः बाल्टिक आणि नॉर्वेकडून येई. १८०७ मध्ये नेपोलियनने रशियाशी तह केला आणि बाल्टिकची वाट अडली. ब्रिटनने तिकडच्या लाकडावर जबर जकात बसवून कॅनडातल्या आपल्या वसाहतींकडे मोर्चा वळवला. अंतर कितीतरी जास्त, पण जकातीमुळे तेच परवडू लागले. लाकूड उतरवल्यावर जहाजे रिकामी कशी न्यायची? त्यांत स्थलांतरित माणसे कोंबली जाऊ लागली. १८४७ च्या आयरिश दुष्काळात अशा प्रवासाला निघालेले हजारो लोक तापाने दगावले. १८६० मध्ये वसाहतींची सवलत संपली.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनच्या नाड्या आवळल्या. टेकू नाहीत तर खाण नाही आणि खाण नाही तर कोळसा नाही. म्हणून १९१९ मध्ये वन आयोग नेमला गेला. तेव्हा देशात जेमतेम ५ टक्के जंगल होते, आज सुमारे १३ टक्के आहे. तरीही लाकडाची चार-पंचमांश गरज आयातीवरच भागते.

जपानचे उलटे. तिथे दोन-तृतीयांश भूमी जंगलाची. युद्धात आणि नंतर उघडे पडलेले डोंगर सरकारने सुगी आणि हिनोकी या झाडांनी भरून काढले. ती तयार व्हायला चाळीस-पन्नास वर्षे हवीत, घरे तर तातडीने हवी होती. १९६२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर वादळाने अफाट झाडे पाडली, त्यांतले पुष्कळ ओंडके जपानला गेले. १९६४ मध्ये आयात पूर्ण खुली झाली. १९५५ मध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक गरज भागवणारे स्वदेशी लाकूड २००२ मध्ये १९ टक्क्यांच्याही खाली आले. डोंगरातली गावे ओस पडली. लावलेली सुगी मात्र वाढत राहिली आणि दर वसंतात तिच्या परागांनी लाखो लोक शिंकू लागले.

पुढे अमेरिकेने १९९० मध्ये आपल्या पश्चिमेकडील सरकारी जंगलांतल्या ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने आणली. २००७ पासून रशियाने निर्यातकर वाढवला. २०२१ मध्ये तर जगभर लाकडाचे भाव भडकले. मग जपानला घरच्या झाडांची आठवण झाली. आता सुमारे ४० टक्के गरज स्वदेशी लाकडावर भागते.

ब्रिटनने झाडे लावली युद्धासाठी. ती वाढेपर्यंत अणुबॉम्ब आला आणि खाणींत पोलादी टेकू लागले. जपानने लावली घरांसाठी. ती वाढेपर्यंत गिऱ्हाईक बंदरावर गेले. जकातीचा कागद एका दिवसात बदलतो, झाडाला पन्नास वर्षे लागतात. आज रोप लावणाऱ्याने नातवाच्या बाजाराचाही विचार करावा, एवढेच या दोन बेटांकडून शिकायचे.