हायस्कूल, वसतिगृह आणि पंगत

जिल्ह्याच्या गावी एखादे हायस्कूल निघाले की त्या जिल्ह्यातील यच्चयावत मुलांस विद्येचा मार्ग मोकळा झाला, असे आपण सहज बोलून जातो. हायस्कुलांचे इतिहासही बहुधा याच समजुतीवर लिहिलेले असतात. कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, मुख्याध्यापक कोणकोण होऊन गेले, मॅट्रिकला किती विद्यार्थी उतरले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती कोणी मिळविली, स्नेहसंमेलनास अध्यक्ष कोण लाभले, इत्यादी माहिती सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत मोठ्या कौतुकाने छापलेली आढळते. ती अवश्य छापावी. परंतु दहा कोसांवरच्या खेड्यातून आलेला मुलगा शाळा सुटल्यावर कोठे जात असे, रात्री कोणाच्या घरी जेवत असे व कोणाच्या ओसरीवर निजत असे, हा प्रश्न मात्र या स्मरणिकांतून क्वचितच विचारलेला दिसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्याकडील माध्यमिक शिक्षणाच्या इतिहासाची किल्ली याच प्रश्नात आहे. वर्गात बसण्याची परवानगी हा शिक्षणाचा एक भाग झाला. पण गावात राहून दोन वेळ जेवण्याची सोय असल्यावाचून त्या परवानगीचा उपयोग होत नाही. ही सोय कोणाला, कोणाच्या हातून व कोणत्या अटीवर मिळाली, हे पाहू गेल्यास शाळेच्या दारातून कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले, याचा उलगडा आपोआप होतो.

मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली सुरू झाली. तेव्हापासून पुढील साठ-सत्तर वर्षांत पुणे, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर अशा ठिकाणची हायस्कुले ही आसपासच्या मुलखातील बुद्धिमान मुलांची जणू यात्रास्थाने बनली. ही यात्रा सोपी नव्हती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची एक हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. १८७५ च्या सुमारास मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते दापोलीजवळच्या मुरुड गावाहून सह्याद्रीचा घाट चढून शंभर मैलांहून अधिक अंतर पायी तुडवीत साताऱ्यास पोचले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. एवढ्या पायपिटीनंतर आलेली ती निराशा सोसूनही कर्वे शिकले. पण असे किती जण वाटेतूनच परतले असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

परगावी आलेल्या गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यास त्या काळी दोन आधार होते. एक माधुकरी व दुसरा वार. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे जुळली म्हणजे विद्यार्थ्याचा आठवडा भागत असे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी चुरमुऱ्यांवर किंवा पाण्यावर भागवावे लागे. या चालीची आज कोणी थट्टा केली तर ती आम्हांस मान्य होणार नाही. स्वतःच्या घरी ओढाताण असताना परक्या मुलास पाटावर बसवून वाढणाऱ्या त्या गृहिणींनी महाराष्ट्राच्या विद्येस जो हातभार लावला, त्याचा हिशेब कोणत्याही सरकारी अहवालात सापडत नाही. दोन पिढ्यांतील कितीतरी वकील, मामलेदार, शिक्षक व संपादक या वारांवर वाढले. आणि ज्या बायकांनी त्यांस वाढले, त्यांपैकी बहुतेकींस हायस्कुलाचे दार कधी दिसले नाही, हेही येथेच नमूद केले पाहिजे. पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, १८८४ साली निघाले. जिल्ह्याच्या गावी मात्र मुलीने परगावाहून शिकावयास येऊन राहण्याची कल्पनाच त्या काळी कोणास सुचण्याजोगी नव्हती. वाराची चाल मुलग्यांपुरती होती.

ती मुलग्यांतही सर्वांसाठी नव्हती. वार लागावयाचा तो जातीच्या ओळखीवर. कुणब्याच्या, धनगराच्या किंवा मुसलमानाच्या मुलास वार सांगणारे घर शहरात बहुधा नसे, आणि महार-मांगांच्या मुलास तर ओसरीवरही जागा नसे. म्हणजे अभ्यासात दोघे मुलगे सारखेच हुशार व दारिद्र्यातही सारखेच पिचलेले असले, तरी एकास शहरात सात घरे उघडी असत व दुसऱ्यास एकही नसे. सरकारने फी माफ केली तरी हा फरक मिटत नव्हता, कारण फीमाफीत जेवण येत नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. रयतेच्या घामातून जमा होणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार पुष्कळांस त्या वेळी कडवट वाटली. परंतु जिल्ह्याच्या हायस्कुलातील पटाकडे व त्या पटामागील पंगतीकडे पाहिले असता, त्या तक्रारीत तथ्य नव्हते असे कोण म्हणेल?

या कोंडीवर पहिला मोठा उपाय निघाला तो कोल्हापुरास. राजाराम हायस्कूल व राजाराम कॉलेज ही दक्षिण महाराष्ट्रातील नामांकित विद्यालये तेथे होती. १८९४ साली राज्यकारभार हाती घेतल्यानंतर शाहू छत्रपतींनी प्रथम सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिले. परंतु त्याचा लाभ व्यवहारात एकाच वर्गाच्या मुलांनी घेतला. बाकीचे तेथे आलेच नाहीत, अथवा आले तरी टिकले नाहीत. तेव्हा महाराजांनी धोरण बदलले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, पांचाळ अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. दरबारने जागा, इमारती व वार्षिक मदत द्यावी आणि समाजातील पुढाऱ्यांनी उरलेला भार उचलावा, अशी साधारण पद्धत होती. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच.

या व्यवस्थेवर एक आक्षेप नेहमी घेण्यात येतो. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद अधिक घट्ट केला, असे आक्षेपक म्हणतात. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. तथापि एकत्र वसतिगृहाचा प्रयोग आधी होऊन फसला होता, ही गोष्ट आक्षेपक विसरतात. ज्या मुलास शहरात पाय ठेवावयासही जागा नव्हती त्यास प्रथम जागा मिळणे अगत्याचे होते. शिवाय वाराच्या पानावर बसणारा मुलगा दुसऱ्याच्या कृपेने जेवत असे. समाजाच्या वसतिगृहात तो आपल्या हक्काने जेवू लागला, आणि हा फरक मुलाच्या मानेच्या ताठपणात दिसतो. मात्र एक गोष्ट राहून गेली, ती कबूल केली पाहिजे. दिवसा ही मुले एका बाकावर बसून एकच धडा शिकत व संध्याकाळी आपापल्या वसतिगृहात परत जाऊन वेगवेगळ्या चुलींवरचे अन्न खात. वर्गापुरते ऐक्य झाले होते. पंगतीचे ऐक्य व्हावयाचे होते.

ते ज्याने घडविले तो याच राजाराम हायस्कुलातील एक विद्यार्थी असावा, हा इतिहासातील मोठा अर्थपूर्ण योग होय. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहिले. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचे त्यांनी नाकारले व त्यामुळे त्यांस आपले बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे काही काळ त्यांस शाहू महाराजांच्या वाड्यात आश्रय मिळाला. ते मॅट्रिक झाले नाहीत. पण पंगत माणसास शाळेपासून कशी दूर लोटू शकते, याचा धडा त्यांस इतक्या लहान वयात मिळाला की तो पुस्तकी विद्येहून अधिक खोल उतरला असावा. नंतर ओगल्यांच्या कंदिलांच्या व किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीनिमित्त ते खेडोपाडी हिंडले आणि कंदील व नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याची मुले शाळेविना राहतात, हे त्यांनी जवळून पाहिले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्वांची मुले एकाच छपराखाली राहत व एकाच पंगतीस बसत. स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामे मुलेच करीत. ज्याच्या घरी धान्य असे तो धान्य आणी. ज्याच्या घरी तेही नसे त्याचे श्रम हीच त्याची फी समजली जाई. संस्थेची कोठी रिकामी झाली त्या वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, सौभाग्यलेणेसुद्धा, मुलांच्या अन्नासाठी दिले. अस्पृश्यांच्या मुलांस आपल्या घरात वागवावयाचे म्हणजे जुन्या संस्कारांत वाढलेल्या स्त्रीस आपल्या मनाशी केवढी झुंज द्यावी लागली असेल! त्या १९३० साली वारल्या. वार घालणाऱ्या अनाम गृहिणींचा वारसा त्यांनी चालविला असे म्हणता येईल. फरक इतकाच की त्यांच्या चुलीपाशी जातीची चौकशी होत नव्हती.

या वसतिगृहाच्या कथेतील आणखी एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. इतरत्र आधी हायस्कूल निघाले व मग त्याच्या आश्रयाने वसतिगृह आले. साताऱ्यास क्रम उलटा झाला. आधी मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय झाली, तीतून १९३५ साली प्राथमिक शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले, आणि १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल उघडले गेले. हे हायस्कूल मोफत व वसतियुक्त होते, आणि ‘कमवा व शिका’ हे त्याचे सूत्र होते. शेतात, बांधकामावर व खडी फोडण्याच्या कामावर मुलांनी राबावे आणि त्या कमाईवर शिकावे, अशी ही योजना होती. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही याच पायावर. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले व शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोचले. परंतु या योजनेचे यश केवळ अशा थोर नावांत मोजू नये. गावोगावच्या प्राथमिक शाळांतून ज्या हजारो मास्तरांनी पुढे मुले शिकविली, त्यांच्यात ते अधिक दिसते.

येथे मनात एक शंका येते व ती दडवून ठेवणे योग्य नव्हे. श्रमाने मिळविलेल्या भाकरीत स्वाभिमान आहे, हे खरे. वारावर जेवणाऱ्याच्या मनावरील उपकाराचे ओझे तीत नाही आणि जातीच्या दाखल्याची अटही नाही. परंतु खडी फोडून आलेल्या मुलाने रात्री कंदिलापाशी बसून भूमिती करावयाची आणि सुखवस्तू घरच्या मुलाने तोच वेळ खेळात व वाचनात घालवावयाचा, यात समान संधी कोठे आली? भाऊरावांचे उत्तर असे दिसते की श्रम हा शिक्षणाचाच भाग आहे व तो सर्वांनीच करावा. त्यांच्या वसतिगृहापुरते हे उत्तर खरे ठरले. बाहेरच्या जगाने मात्र त्यातील अर्धाच भाग उचलला. गरिबाने राबून शिकावे, एवढे सर्वांस पटले. श्रीमंताच्या मुलानेही कुदळ हाती धरावी, हे पटले नाही.

भाऊराव १९५९ साली निवर्तले. त्यानंतर गावोगाव हायस्कुले झाली, एस. टी. गाड्या आल्या, शिष्यवृत्त्या व सरकारी वसतिगृहे आली, आणि मुली शाळेत मोठ्या संख्येने दिसू लागल्या. ही प्रगती सामान्य नव्हे. तरीही भाकरीचा प्रश्न निकालात निघाला, असे म्हणता येत नाही. शाळेत शिजविलेले दुपारचे जेवण देण्याची सरकारी योजना आठवीपर्यंत आहे. नववीत, म्हणजे नेमक्या हायस्कुलाच्या ऐन उंबरठ्यावर, मुलाचे व मुलीचे पान उचलले जाते. ज्या वयात भूक वाढते, ज्या वयात घरी हातभार लावण्याचा तगादा सुरू होतो व मुलीच्या लग्नाच्या गोष्टी निघू लागतात, त्याच वयात शाळा त्यांस जेवावयास घालण्याचे थांबविते. नववी-दहावीत शाळा सोडणाऱ्यांची कारणे शोधताना अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी मोजली जाते. मुलाने सकाळी काय खाल्ले होते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतील जुन्या हायस्कुलांच्या चालकांस एक विनंती करावीशी वाटते. शताब्दीची स्मरणिका काढाल तेव्हा पहिल्या आलेल्यांची यादी अवश्य छापा. पण तीबरोबर हयात असलेल्या वृद्ध विद्यार्थ्यांस एकेक करून विचारा, की तुम्ही कोठे राहत होता, कोणाकडे जेवत होता, आणि तुमच्याबरोबर पाचवीत असलेला कोणता मुलगा मॅट्रिकपर्यंत दिसला नाही. वसतिगृहांची हजेरीपत्रके व कोठीच्या वह्या वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी जपून ठेवा. या वह्यांत जोंधळ्याच्या पायल्यांचे जे हिशेब असतील, त्यांतून महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास अधिक खरेपणाने लिहिता येईल, आणि आज नववीत बसलेल्या मुलामुलींसाठी काय करावयास हवे, याचेही उत्तर कदाचित त्याच वह्यांत सापडेल.