सागरी टपाल आणि ऑनलाइन विक्रेते : स्वस्त पण संथ वाटेचा लेखाजोखा

संगणकाच्या पडद्यावर काही क्षणांत पूर्ण झालेला व्यवहार आणि महिना-दीड महिना समुद्रावर असलेले त्याचे पार्सल, असा विसंगत संयोग इंटरनेट व्यापाराच्या पहिल्या दशकात सर्रास आढळत असे. परदेशी ग्राहकाला परवडावे म्हणून असंख्य लहान विक्रेते आपला माल सागरी टपालाने रवाना करीत. १४ मे २००७ रोजी अमेरिकेच्या टपालसेवेने आपली आंतरराष्ट्रीय सागरी सेवा बंद केली आणि या व्यापाराचा एक मोठा आधार नाहीसा झाला. ही सेवा काय होती, विक्रेत्यांना ती का हवी होती आणि तिची जागा कशाने घेतली, याचा हा आढावा.

सागरी टपाल म्हणजे काय?

जे टपाल विमानाने न जाता जहाज, रेल्वे व मोटारींच्या साहाय्याने एका देशातून दुसऱ्या देशात जाते, त्यास भूपृष्ठ टपाल किंवा सरफेस मेल म्हणतात. समुद्रापलीकडील देशांच्या बाबतीत मुख्य प्रवास जहाजाने होत असल्याने ‘सागरी टपाल’ हे नाव रूढ झाले. हवाई टपाल आणि सागरी टपाल यांच्या मधली ‘एसएएल’ ही तिसरी सेवाही अनेक देशांनी चालविली. तीत पार्सल दोन्ही देशांतर्गत जमिनीवरून जाते. मधला टप्पा मात्र विमानात जागा शिल्लक असेल तेव्हा, कमी अग्रक्रमाने, हवाईमार्गे पार पडतो.

पार्सल टपालघरात स्वीकारल्यावर परदेशी टपालाची देवाणघेवाण करणाऱ्या विनिमय कार्यालयात पाठविले जाते. तेथे देशवार वर्गवारी होऊन थैल्या भरल्या जातात. पुरेसा माल जमला की कंटेनर बंदराकडे रवाना होतो. जहाजाची वाट पाहणे, समुद्रप्रवास, पलीकडील बंदरात उतरणे, सीमाशुल्क तपासणी आणि शेवटी स्थानिक वाटप असे पुढचे टप्पे असतात. विलंब केवळ जहाजाच्या वेगामुळे होत नाही. कंटेनर भरण्याची आणि जहाज सुटण्याची प्रतीक्षाही बराच वेळ घेते. म्हणूनच एकाच दिवशी टाकलेली दोन पार्सले कित्येकदा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पोहोचत. चार ते सहा आठवडे हा सर्वसाधारण अंदाज असे. दूरच्या देशांसाठी त्याहून अधिक काळ लागे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

परदेशी टपाल म्हणजे सागरी टपाल, हाच एकेकाळी नियम होता. १८७४ साली बर्न येथे झालेल्या करारातून आज युनिव्हर्सल पोस्टल युनियन या नावाने ओळखली जाणारी जागतिक टपाल संघटना उदयास आली. भारत १८७६ साली तिचा सदस्य झाला. सभासद देशांचा संपूर्ण प्रदेश हे एकच टपालक्षेत्र मानावे, हे तिचे मूलतत्त्व. त्यामुळे पाठविणाऱ्याने आपल्या देशात एकदा हशील भरले की पलीकडील देशातील वाटपाची हमी मिळू लागली.

१८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यानंतर युरोप व भारत यांच्यातील जलमार्ग खूपच जवळचा झाला. मुंबईत टपालबोटी बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला लागत आणि तेथूनच टपालगाड्या उत्तरेकडे सुटत. परदेशी टपाल हाताळणारे मुंबईचे ‘विदेश डाक भवन’ आजही बॅलार्ड इस्टेटमध्येच आहे. विमानसेवा सुरू झाल्यावर पत्रे हळूहळू आकाशमार्गाने जाऊ लागली आणि जड, स्वस्त व घाई नसलेला माल जहाजांकडे उरला.

ऑनलाइन विक्रेत्यांची पसंती

१९९५ साली अमेरिकेत ईबे आणि ॲमेझॉन या दोन्ही संकेतस्थळांचा व्यवहार सुरू झाला. ॲमेझॉन त्या वेळी केवळ पुस्तकांचे दुकान होते, तर ईबे हे लिलावाचे व्यासपीठ. घरातील जुनी पुस्तके, ध्वनिमुद्रिका, खेळणी, चिनी मातीची भांडी किंवा विणकामाचे सूत विकणारी सामान्य व्यक्तीही यांद्वारे जगभरच्या ग्राहकांपर्यंत पोहोचू लागली. वस्तूची किंमत मात्र अनेकदा अल्प असे. जाडजूड जुन्या पुस्तकाला जेवढे मोल मिळे, त्याहून अधिक रक्कम हवाई टपालावर खर्च होऊ लागली, तर ग्राहक मागे फिरणार हे उघड होते. सागरी टपालामुळे हा व्यवहार शक्य झाला.

पुस्तकांना आणखी एक सोय उपलब्ध होती. छापील साहित्य एकाच पत्त्यावर मोठ्या प्रमाणात पाठवायचे असल्यास ‘एम-बॅग’ ही ३० किलोपर्यंतची संपूर्ण थैलीच टपालात देता येते. मायदेशी परतणारे विद्यार्थी, ग्रंथालयांना पुस्तके भेट देणाऱ्या संस्था आणि ग्रंथविक्रेते यांना सागरी मार्गाची ही थैली विशेष सोयीची ठरली.

पंचेचाळीस दिवसांचा पेच

दर कमी असले तरी जोखीम लहान नव्हती. साध्या सागरी पार्सलाचा मागोवा घेण्याची सोय सहसा नसे. ते नेमके कोठे आहे, हे पाठविणाऱ्यास कळत नसे आणि घेणाऱ्यासही. ऑनलाइन रक्कम अदा करण्यासाठी लोकप्रिय ठरलेल्या पेपाल सेवेत त्या काळी तक्रार नोंदविण्याची मुदत ४५ दिवसांची होती. सागरी पार्सल मात्र पंचेचाळिसाव्या दिवशीही बंदरातच असण्याची शक्यता असे.

यातून दोन्ही पक्षांची कोंडी झाली. ग्राहकाने वाट पाहिली, तर तक्रारीचा हक्क बुडे. त्याने वेळीच तक्रार केली, तर पार्सल वाटेत असतानाच विक्रेत्याला पैसे परत करावे लागत. पोच दाखविणारा पुरावा हाती नसल्याने बाजू मांडण्यास त्याच्याजवळ काहीच नसे. पार्सल पुढे पोहोचले, तर माल आणि रक्कम दोन्ही ग्राहकाकडे राहत आणि ती परत करणे सर्वस्वी त्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असे. शिवाय, ग्राहकाने दिलेल्या प्रतिकूल अभिप्रायाने लहान विक्रेत्याची पत डागाळे. २०१४ साली पेपालने ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढविली. तोपर्यंत अमेरिकेतील सागरी सेवा बंद होऊन सात वर्षे लोटली होती.

२००७ चा निर्णय आणि त्याचे परिणाम

अमेरिकी टपालसेवेने २००७ साली आपल्या आंतरराष्ट्रीय सेवांची फेररचना केली. सेवांची संख्या कमी करून त्या सुटसुटीत करण्यात आल्या आणि त्यात सागरी पत्रटपाल व सागरी पार्सल या दोन्ही सेवा वगळण्यात आल्या. एम-बॅग कायम राहिली, परंतु केवळ हवाई दराने. हलक्या वस्तूंच्या विक्रेत्यांना याची झळ कमी लागली. पुस्तके व अन्य जड वस्तू विकणाऱ्यांना मात्र परदेशी ग्राहक सोडून द्यावे लागले किंवा टपालखर्चाचा बोजा किमतीत मिळवावा लागला. जपान, कॅनडा यांसारख्या देशांत सागरी सेवा त्यानंतरही सुरू राहिली.

दरम्यान, स्वस्त पार्सलांचा प्रवाह दुसऱ्या दिशेने वाहू लागला. परदेशातून आलेल्या टपालाच्या वाटपासाठी पाठविणारा देश जी रक्कम देतो, तिला ‘टर्मिनल ड्यूज’ म्हणतात. ही पद्धत १९६९ च्या टोकियो अधिवेशनात मान्य झाली. विकसनशील देशांसाठी हे दर कमी होते. त्याचा लाभ चीनमधील ऑनलाइन विक्रेत्यांना मिळाला आणि त्यांची दोन किलोपर्यंतची पाकिटे हवाईमार्गेही अत्यल्प खर्चात परदेशी जाऊ लागली. आपल्याच देशातील टपालापेक्षा हे टपाल स्वस्त पडते, अशी तक्रार अमेरिकी विक्रेत्यांनी केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या विशेष अधिवेशनात दर स्वतः ठरविण्याची मुभा देणारी तडजोड झाली आणि हा पेचप्रसंग टळला.

२०२० साली करोनाच्या साथीत प्रवासी विमाने जमिनीवर आली. बरेचसे हवाई टपाल प्रवासी विमानांच्याच पोटातून जात असल्याने ते खोळंबले. त्या वर्षी एप्रिलमध्ये चीनच्या चोंगछिंग शहरातून लिथुआनियातील व्हिल्नियसकडे टपालाचे कंटेनर घेऊन रेल्वेगाडी धावली. कालबाह्य समजला गेलेला भूमार्ग अडचणीच्या वेळी पुन्हा उपयोगी पडला.

भारतातील चित्र

भारतीय टपाल खात्याच्या परदेशी दरपत्रकात हवाई, एसएएल व भूपृष्ठ असे तिन्ही मार्ग दीर्घकाळ समाविष्ट होते. २००४ साली ईबेने बाझी डॉट कॉम ही भारतीय कंपनी विकत घेतली आणि तिकिटे, नाणी, दागिने व वस्त्रे विकणारे येथील विक्रेते जागतिक बाजाराशी जोडले गेले. लहान निर्यातदारांसाठी २०२२ पासून देशभर ‘डाकघर निर्यात केंद्रे’ उघडण्यात आली. सीमाशुल्काची घोषणाही आता संगणकाद्वारे करता येते.

आवक टपालावरील निर्बंध मात्र कडक झाले. ऑनलाइन खरेदी केलेल्या वस्तू ‘भेट’ म्हणून शुल्काविना मागविण्याच्या प्रथेला डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रतिबंध केला. त्यातून जीवरक्षक औषधे आणि राख्या यांना वगळण्यात आले. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी रद्द केली, तेव्हा भारतीय टपाल खात्याला तेथील बहुतांश पार्सलांची नोंदणी काही आठवडे थांबवावी लागली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी ती पूर्ववत झाली.

पाठविणाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

संथ मार्गाने माल पाठविताना काही गोष्टी ध्यानात ठेवणे हितावह ठरते. समुद्रावरील दमट हवेपासून संरक्षणासाठी पुस्तके व कापड आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळावे. इतर मालाचे ओझे सोसेल असे मजबूत खोके वापरावे. वेष्टन फाटल्यास उपयोगी पडावा म्हणून पत्ता आतही ठेवावा. सीमाशुल्काच्या अर्जावर वस्तूचे वर्णन व खरी किंमत लिहावी. ग्राहकाने विनंती केली तरी विकलेल्या मालाला ‘भेट’ म्हणणे ही खोटी घोषणा ठरते. नाशवंत व मौल्यवान वस्तूंसाठी हा मार्ग टाळावा. सेवा व दर वेळोवेळी बदलत असल्याने ग्राहकाला टपालखर्च सांगण्यापूर्वी टपालघरात चौकशी करावी. लागणारा काळ विक्रीपूर्वीच स्पष्ट सांगितला, तर पुढील बहुतेक तंटे उद्भवतच नाहीत.