पेटंटचं काम परदेशी वकिलाकडे पाठवताय? आधी फॉर्म २५ आणि स्कोमेट समजून घ्या

वाळूज किंवा शेंद्र्यातल्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात नवीन यंत्रणा तयार होते. मोठा ग्राहक अमेरिकेत असतो, म्हणून पेटंटही थेट तिथेच घ्यायचं ठरतं. तिथला वकील ईमेल करतो, ‘ड्रॉइंग पाठवा.’ छत्रपती संभाजीनगरातून त्या ईमेलला उत्तर जाण्याआधी दोन वेगळे कायदे तपासावे लागतात. एकाखाली मिळालेली परवानगी दुसऱ्याला चालत नाही, आणि गफलत बहुतेकदा इथेच होते.

पहिला कायदा पेटंटचा, १९७० चा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने लेखी परवानगीशिवाय परदेशात पेटंट अर्ज करू नये किंवा करवून घेऊ नये, असं त्याचं कलम ३९ सांगतं. इथे नागरिकत्व नाही, वास्तव्य पाहिलं जातं. वाळूजला राहून काम करणारा जर्मन अभियंता या कलमात येतो; अमेरिकेत स्थायिक झालेला संभाजीनगरचा मुलगा येत नाही. शोध दोघांनी मिळून लावला असेल, तर इथल्या संशोधकासाठी परवानगी लागतेच. विषय संरक्षणाशी संबंधित असायला हवा असंही नाही. दुचाकीच्या साध्या ब्रॅकेटलाही हाच नियम.

मार्ग दोन आहेत. आधी भारतात अर्ज करायचा (महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात), सहा आठवडे थांबायचं आणि गुप्ततेचा आदेश आला नाही तर परदेशात अर्ज करायचा. किंवा फॉर्म २५ भरून परवानगी मागायची. त्यावर साधारण २१ दिवसांत निर्णय होतो. मात्र शोध संरक्षण किंवा अणुऊर्जेशी संबंधित असेल, तर केंद्र सरकारच्या संमतीशिवाय ही परवानगी देता येत नाही.

नियम मोडला तर भारतातला अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो, मिळालेलं पेटंट रद्द होऊ शकतं, आणि कलम ११८ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. घाईत वाचवलेले तीन आठवडे असे महागात पडतात.

दुसरा कायदा निर्यातीचा. लष्करी किंवा दुहेरी वापराच्या वस्तू आणि तंत्रज्ञानाची स्कोमेट नावाची यादी आहे. तिच्या परवान्यांचं काम मुख्यतः विदेश व्यापार महासंचालनालय पाहतं. निर्यात म्हटलं की कंटेनर डोळ्यांसमोर येतो, पण यादीतलं तंत्रज्ञान ईमेलने पाठवणं किंवा परदेशातल्या व्यक्तीला सर्व्हरवर खुलं करून देणं हीसुद्धा निर्यातच. ठरावीक अचूकतेची पाच अक्षांची सीएनसी यंत्रं या यादीत आहेत, आणि ती बनवण्याचं तंत्रज्ञानही. उल्लंघनाचा दंड तंत्रज्ञानाच्या किमतीच्या पाच पटींपर्यंत जाऊ शकतो.

पेटंटसाठी सवलत आहे, पण अरुंद. यादीच्या आठव्या श्रेणीच्या टिपेनुसार पेटंट अर्जाला आवश्यक तेवढ्या किमान माहितीवर नियंत्रण नाही. शोधाचं वर्णन आणि दावे समजावणाऱ्या आकृत्या त्यात बसतील. ‘असू द्या सोबत’ म्हणून जोडलेली पूर्ण कॅड फाइल, प्रक्रियेची तापमानं, चाचण्यांचे आकडे, सोर्स कोड मात्र त्या ‘किमान’मध्ये बसवणं अवघड. आपला विषय यादीत आहे का, हे मसुद्याचं काम बाहेर देण्याआधीच पाहावं लागतं. फॉर्म २५ मधली परवानगी परदेशात अर्ज करण्यापुरती असते. तांत्रिक फाइल पाठवण्याचा परवाना म्हणून ती दाखवता येत नाही.

अमेरिकेतही हाच घोळ झाला होता, फक्त उलट्या दिशेने. तिथल्या कंपन्या स्वस्तात मसुदे लिहून घेण्यासाठी शोधांची माहिती भारतासह इतर देशांत पाठवत होत्या. जुलै २००८ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने सूचना काढून स्पष्ट केलं की, परदेशात अर्ज करण्याचा परवाना मसुद्यासाठी माहिती बाहेर पाठवायला पुरेसा नाही. त्यासाठी वाणिज्य विभागाचे निर्यात नियम पाहावे लागतील. त्यामुळे अमेरिकी संशोधकासोबत काम करणाऱ्या इथल्या कंपनीला त्याच्याकडून येणाऱ्या फाइलींबाबतही तोच प्रश्न विचारावा लागतो.